डीएसएसचं वर्गीकरण करायचंय, पण नक्की कशाचं?

प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीच्या पहिल्या वर्षी निर्णय साहाय्य प्रणालींवरचं, म्हणजे डीएसएसवरचं (माणसाला निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या संगणक प्रणालींवरचं) संशोधन वाचायला घेतलं, तर प्रत्येक पेपरात वेगळंच वर्गीकरण दिसतं. कुठे तीन प्रकार, कुठे पाच, कुठे सात. यातलं कोणतं धरायचं, आणि संशोधनाचे ‘दृष्टिकोन’ कसे वेगळे करायचे? सगळी एकत्र करून एक मोठा तक्ता केला तर चालेल का? तुम्ही तसा तक्ता करून सोबत दिलाही आहे. तुमचा स्वतःचा विषय आहे, लोक प्रणालीची सूचना केव्हा डावलतात. मी तक्त्यापासूनच सुरुवात करतो.

तुमच्या तक्त्यातले पहिले सहा प्रकार असे आहेत: मॉडेलवर आधारलेली, गटासाठीची, डिझाइन सायन्स (नवी प्रणाली बांधून आणि तपासून करायचं संशोधन), स्प्रेडशीटवर बांधलेली, अर्धसंरचित निर्णयांसाठीची (ज्यांचा काही भागच ठरलेल्या रीतीने सुटतो), आणि प्रायोगिक. आता अशा एका पेपरची कल्पना करा: संशोधकांनी स्प्रेडशीटमध्ये एक मॉडेल बांधलं, ते एका गटाला वापरायला दिलं, काम अर्धसंरचित होतं, रचना डिझाइन सायन्सच्या पद्धतीने झाली आणि मूल्यमापन प्रयोगशाळेत प्रयोग करून केलं. हा पेपर सहाही प्रकारांत बसतो. ‘मॉडेलवर आधारलेली’ हे प्रणालीचं वर्णन आहे, ‘गटासाठीची’ हे वापरणाऱ्यांचं, ‘अर्धसंरचित’ हे निर्णयाचं, ‘स्प्रेडशीट’ हे साधनाचं. उरलेले दोन तर प्रणालीबद्दल काहीच सांगत नाहीत, ते संशोधन कसं केलं ते सांगतात. म्हणून हा तक्ता चालणार नाही, आणि त्यात आणखी ओळी घालूनही तो सुधारणार नाही. चार-पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही एकाच रकान्यात लिहिली आहेत.

हा गोंधळ फक्त तुमचा नाही. या विषयातल्या छापून आलेल्या आढाव्यांतही तो सापडतो. तेव्हा मी आधी प्रसिद्ध वर्गीकरणं ‘ती नेमकं काय वेगळं करतात’ या कसोटीवर लावून दाखवतो. तुमच्या प्रश्नातला ‘दृष्टिकोन’ हा शब्द मात्र शेवटच्या गटात येतो, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

सगळ्यात जुनं वर्गीकरण निर्णयांचं आहे. हर्बर्ट सायमन यांनी 1960 मध्ये नियमबद्ध आणि नियमबद्ध नसलेले निर्णय असा भेद मांडला. रॉबर्ट अँथनी यांनी 1965 मध्ये व्यवस्थापनाच्या कामाचे तीन स्तर केले: धोरणात्मक नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि रोजच्या कामाचं नियंत्रण. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी 1971 मध्ये हे दोन अक्ष एकमेकांना छेद देऊन मांडले आणि संरचित, अर्धसंरचित, असंरचित अशी चौकट तयार केली. त्यातल्या खालच्या दोन भागांना, म्हणजे अर्धसंरचित आणि असंरचित निर्णयांना मदत करणाऱ्या प्रणालींना त्यांनी डीएसएस म्हटलं.

ही चौकट जवळपास प्रत्येक प्रबंधात येते, पण तिच्यातल्या दोन गोष्टी सहसा वाचल्या जात नाहीत. पहिली म्हणजे हे दोन अक्ष खरोखर स्वतंत्र आहेत. तेलवाहू जहाजांच्या ताफ्यात कोणत्या आकाराची किती जहाजं असावीत, हा निर्णय त्यांनी धोरणात्मक आणि तरीही संरचित अशा चौकोनात टाकला होता. ‘वरच्या पातळीवरचा निर्णय म्हणजे असंरचित’ हे समीकरण विद्यार्थी सर्रास लिहितात, पण मूळ चौकटीत ते नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संरचित आणि अर्धसंरचित यांच्यातली रेषा हलती आहे, हे त्या दोघांनी स्वतःच सांगितलं होतं. एखाद्या निर्णयाबद्दलची आपली समज वाढली, की तो चौकटीत वरच्या, म्हणजे संरचित बाजूला सरकतो. म्हणजे ‘अर्धसंरचित’ हा निर्णयाला कायमचा चिकटलेला गुणधर्म नाही. तो त्या काळातल्या आपल्या समजुतीचाही गुणधर्म आहे. चाळीस वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन पेपर एकाच चौकोनात टाकताना हे विसरलात, तर तुलना फसते.

दुसरा गट प्रणालींच्या वर्गीकरणाचा. इथे मी स्टीव्हन ऑल्टर यांच्या कामाला सगळ्यात वरचं स्थान देतो. त्यांनी 56 प्रत्यक्ष प्रणाली अभ्यासल्या आणि 1980 पर्यंत सात प्रकारांची मांडणी पक्की केली: फाइलच्या खणासारखी माहिती काढून देणारी प्रणाली, माहितीचं विश्लेषण करणारी, अनेक स्रोत आणि छोटी मॉडेलं जोडून विश्लेषण करणारी, हिशेबाच्या सूत्रांवर चालणारी, वास्तवाचं अनुकरण करणारी, इष्टतम उत्तर काढणारी, आणि थेट सूचना देणारी. वरवर ही नुसती यादी वाटते. पण हे सात प्रकार एका क्रमाने लावलेले आहेत, आणि तो क्रम ‘प्रणालीच्या उत्तरातून निर्णय किती थेट निघतो’ याचा आहे. पहिल्या टोकाला प्रणाली फक्त आकडा दाखवते, शेवटच्या टोकाला ‘हे करा’ म्हणते. मधल्या सगळ्या पायऱ्यांवर माणसाकडे किती काम उरतं, ते बदलत जातं. म्हणूनच ही मांडणी आजही वापरता येते. मशीन लर्निंगवर चालणारी, कर्ज द्यावं की नाही ते सुचवणारी प्रणाली ऑल्टर यांच्या काळात नव्हती, पण ती कोणत्या पायरीवर बसते हे सांगायला अडचण येत नाही.

डॅनियल पॉवर यांचं 2002 मधलं पाच प्रकारांचं वर्गीकरण (संवाद, डेटा, दस्तऐवज, ज्ञान आणि मॉडेल यांपैकी कशाच्या जोरावर प्रणाली चालते) जास्त लोकप्रिय आहे, कारण ते पटकन समजतं. बाजारातल्या सॉफ्टवेअरची ओळख करून द्यायला ते चांगलं आहे. सिद्धांत मांडायला मात्र ते पुरत नाही, असं माझं मत आहे. आजच्या बहुतेक प्रणालींत पाचही घटक असतात, आणि त्यातला ‘मुख्य’ कोणता, यावर दोन वाचकांचं एकमत होत नाही. होल्सॅपल आणि व्हिन्स्टन यांची मजकूर, डेटाबेस, स्प्रेडशीट, सॉल्व्हर (ठरावीक गणिती प्रश्न सोडवणारं साधन) आणि नियम अशी विभागणी तंत्राच्या आणखी जवळची आहे. स्प्राग यांनी 1980 मध्ये प्रत्यक्ष प्रणाली, ती लवकर उभी करून देणारा ‘जनरेटर’ आणि मूळ साधनं असे तीन थर केले. ते प्रणालींचे प्रकार नाहीत, बांधणीच्या पातळ्या आहेत. तुमच्या तक्त्यात ‘जनरेटर’ हा शब्द प्रकार म्हणून आला आहे, तो तिथून काढा.

वापरणाऱ्यांवर आधारलेल्या विभागण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. डोनोव्हन आणि मॅडनिक यांनी 1977 मध्ये वारंवार येणाऱ्या निर्णयांसाठीच्या संस्थात्मक प्रणाली आणि एखाद्या वेळच्या गरजेसाठीच्या तात्कालिक प्रणाली असा फरक केला. हॅकथॉर्न आणि कीन यांनी 1981 मध्ये वैयक्तिक, गटाचं आणि संस्थेचं साहाय्य वेगळं केलं. डेसँक्टिस आणि गलूप यांनी 1987 मध्ये गटासाठीच्या प्रणालींचे तीन स्तर सांगितले: पहिल्यात संवादातले अडथळे दूर होतात, दुसऱ्यात निर्णयाची तंत्रं येतात, तिसऱ्यात संवाद कसा व्हावा याचे नियमच यंत्र घालून देतं. तुमचा विषय गटाचा नसल्यामुळे यावर जास्त वेळ घालवू नका.

अर्नॉट आणि पर्व्हन यांचा 2005 चा आढावा मात्र नीट वाचा. त्यांनी 1990 ते 2003 या काळातले 14 नियतकालिकांतले 1,020 लेख तपासले आणि क्षेत्राचे सात भाग पाडले: वैयक्तिक डीएसएस, गट साहाय्य, वाटाघाटी साहाय्य, बुद्धिमान डीएसएस, ज्ञान व्यवस्थापनावर आधारलेली डीएसएस, डेटा वेअरहाउसिंग (विश्लेषणासाठी संस्थेचा डेटा एकत्र साठवणं), आणि संस्थास्तरावरचं रिपोर्टिंग व विश्लेषण. ‘हे भाग एकमेकांपासून तर्काने वेगळे होत नाहीत,’ असा आक्षेप विद्यार्थी घेतात. आक्षेप बरोबर आहे, पण तो इथे लागू पडत नाही. ही वंशावळ आहे. प्रत्येक भागामागे संशोधकांचा एक समुदाय आहे, त्यांचे स्वतःचे आधारग्रंथ आहेत, स्वतःचे वाद आहेत. वाचन कुठून सुरू करायचं, कोण कोणाला उद्धृत करतं आणि कोण कोणाला अजिबात वाचत नाही, हे समजायला या विभागणीसारखं दुसरं साधन नाही. निष्कर्षांची तुलना करायला मात्र ती वापरू नका.

त्याच आढाव्यातल्या दोन निरीक्षणांनी मी त्या वेळी हादरलो होतो. निर्णयांना मदत करण्याबद्दलच्या लेखांपैकी जवळपास निम्म्यांत मानवी निर्णयप्रक्रियेवरच्या मूलभूत संशोधनाचा संदर्भच नव्हता. आणि प्रणाली कोणासाठी आहे, खर्च करणारा कोण आणि वापरणारा कोण, हे बहुतेक लेखांत स्पष्ट केलेलं नव्हतं. तुमच्या तक्त्यात हे दोन रकाने जरूर ठेवा.

आता ‘दृष्टिकोन’. संशोधनाच्या दृष्टिकोनांचं वर्गीकरण पद्धतीवरून करायची सवय आहे: प्रयोग, केस स्टडी, सर्व्हे, डिझाइन सायन्स. हे करायला सोपं आहे, कारण पद्धत पेपराच्या सारांशातच लिहिलेली असते. पण दोन पेपर सारखीच पद्धत वापरून परस्परविरोधी निष्कर्ष काढतात, तेव्हा या वर्गीकरणाचा काही उपयोग होत नाही. मी गेली अनेक वर्षं वेगळा प्रश्न विचारतो: हा पेपर कशाला ‘चांगला निर्णय’ मानतो?

या प्रश्नावर साहित्य स्वच्छ वेगळं होतं. ऑपरेशन्स रिसर्चमधून, म्हणजे गणिताने सर्वांत चांगला पर्याय शोधणाऱ्या शास्त्रातून आलेले लोक इष्टतम उत्तराशी तुलना करतात. उत्तर जितकं त्याच्या जवळ, तितकी प्रणाली यशस्वी. मानसशास्त्रातून आलेले लोक माणूस प्रत्यक्षात कसा ठरवतो ते पाहतात. टॉड आणि बेनबसात यांचे 1990 च्या दशकातले प्रयोग या विचारातले आहेत. त्यांना असं दिसलं, की प्रणाली दिल्यावर लोक आपोआप जास्त अचूक होत नाहीत. ते आधी स्वतःचे श्रम वाचवतात. अचूक पद्धत वापरणं सोपं करून दिलं, तरच ते तिच्याकडे वळतात. तिसरा विचार पीटर कीन यांचा: वापरणारा, बांधणारा आणि प्रणाली तिघंही एकमेकांमुळे बदलत जातात, म्हणून यश म्हणजे शिकणं. वापरणाऱ्याने दोन महिन्यांनी आधी न विचारलेला प्रश्न विचारला, तर प्रणाली चालली. जॉन लिटल यांनी 1970 मध्ये मॉडेल साधं, भक्कम, ताब्यात ठेवता येईल असं, बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारं, महत्त्वाच्या बाबींच्या दृष्टीने पूर्ण आणि संवाद साधायला सोपं असावं अशी अपेक्षा मांडली, तीही याच्या जवळ जाते. चौथा विचार डिझाइन सायन्सचा. हेव्हनर आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या लेखानंतर तो जोरात आला, आणि अर्नॉट-पर्व्हन यांनी 2014 मध्ये 1990 ते 2010 या काळाचा पुन्हा आढावा घेतला तेव्हा हीच वाढ ठळकपणे नोंदवली. पण माझ्या कसोटीवर डिझाइन सायन्स हा वेगळा गट होत नाही. डिझाइन सायन्सचा पेपरही शेवटी पहिल्या तीनपैकी एका कसोटीवर आपली प्रणाली तपासतो. तिथे तो कोणती कसोटी लावतो, ते बघा.

हे एका उदाहरणावर जवळून पाहू. एका रक्तपेढीत रोज संध्याकाळी ठरवायचं असतं, की उद्या प्लेटलेट्सच्या किती पिशव्या तयार करायच्या. प्लेटलेट्स साधारणपणे पाचच दिवस टिकतात. जास्त केल्या तर फेकाव्या लागतात, कमी केल्या तर रुग्णाची अडचण होते. समजा, या निर्णयासाठी एक प्रणाली आहे. पहिल्या स्क्रीनवर आजचा साठा, कोणती पिशवी कधी बाद होणार त्या क्रमाने. दुसऱ्यावर पुढच्या तीन दिवसांच्या मागणीचा अंदाज. तिसऱ्यावर एक चौकट आणि तिच्यात सुचवलेला आकडा.

ऑल्टर यांच्या मांडणीत पहिला स्क्रीन फाइलचा खण आहे, दुसरा वास्तवाचं अनुकरण करणारं मॉडेल, तिसरा सूचना देणारी प्रणाली. एकच प्रणाली तीन पायऱ्यांवर बसली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की एकक म्हणून ‘प्रणाली’ घेऊ नका, प्रणालीतलं एक कार्य घ्या. गॉरी-स्कॉट मॉर्टन चौकटीत हे रोजच्या कामाचं नियंत्रण झालं. पण ते संरचित की अर्धसंरचित? नेहमीच्या दिवशी सूत्र पुरतं. उद्या दोन मोठ्या शस्त्रक्रिया आहेत असा वॉर्डातून फोन आला, की पुरत नाही. तोच निर्णय, तीच व्यक्ती, पण चौकोन दिवसागणिक बदलतो.

आता तिसऱ्या स्क्रीनवरची ती चौकट नीट पाहा. एका आवृत्तीत चौकट रिकामी आहे आणि सुचवलेला आकडा शेजारी लिहिलेला आहे. दुसऱ्या आवृत्तीत आकडा चौकटीत आधीच भरलेला आहे, फक्त ‘ठीक’ दाबायचं. तिसऱ्यात आकडा भरलेला आहे, आणि तो बदलायचा तर कारण टाइप करावं लागतं. पॉवर, होल्सॅपल, गॉरी, कोणाच्याही वर्गीकरणात या तीन आवृत्त्यांमध्ये फरक पडत नाही. पण टॉड-बेनबसात यांचं म्हणणं खरं असेल, तर फोन आलेल्या त्या संध्याकाळी तिन्ही आवृत्त्यांमधून वेगवेगळे निर्णय निघतील, कारण आकडा बदलण्याचे श्रम तिन्हींत वेगळे आहेत. हा फरक पकडणारी भाषा मार्क सिल्व्हर यांनी 1990 च्या सुमारास दिली: प्रणाली निर्णय घेणाऱ्याचे पर्याय किती आवळते, आणि तो निवड करत असताना त्याला काय मार्गदर्शन करते, नुसती माहिती देऊन की थेट सुचवून. हे दोन अक्ष मला या सगळ्या साहित्यातले सर्वांत उपयोगी वाटतात, आणि तुमच्या विषयासाठी, म्हणजे लोक प्रणालीची सूचना केव्हा डावलतात यासाठी, तर तुम्हाला तेच घ्यावे लागतील.

यावरून कोणतं वर्गीकरण निवडायचं, ते ठरतं. तुमच्या संशोधनाचा निष्कर्ष ज्या अक्षावर बदलेल अशी तुम्हाला कारण देऊन अपेक्षा आहे, तो अक्ष घ्या. प्रणाली मॉडेलवर चालते की दस्तऐवजांवर, यामुळे सूचना डावलण्याचं प्रमाण का बदलावं, याचं उत्तर देता येत नसेल तर तो रकाना तक्त्यात नको, तो कितीही प्रसिद्ध असला तरी. निकरसन, वार्ष्णेय आणि मुंटरमान यांनी 2013 मध्ये माहिती प्रणालींसाठी वर्गीकरण तयार करण्याची जी पद्धत दिली, तिचीही पहिली पायरी हीच आहे. आधी एक मूळ वैशिष्ट्य ठरवायचं आणि बाकीचे सगळे अक्ष त्यातून निघायला हवेत. मग कधी संकल्पनेकडून उदाहरणांकडे, कधी उदाहरणांकडून संकल्पनेकडे अशा फेऱ्या मारायच्या, आणि थांबण्याच्या अटी आधी लिहून ठेवायच्या. तो लेख तुमच्या पद्धतीच्या प्रकरणाचा कणा होऊ शकतो.

कामाला लागताना एवढं करा. मूळ वैशिष्ट्य म्हणून ‘सूचना न मानण्यासाठी वापरणाऱ्याला काय करावं लागतं’ हे घ्या. त्यातून अक्ष काढा: उत्तरातून निर्णय किती थेट निघतो, पर्याय किती आवळले आहेत, मार्गदर्शन माहितीचं की सूचनेचं, आणि चांगला निर्णय कशाला म्हटलं आहे. चार पुरेत. प्रत्येक अक्षाच्या प्रत्येक मूल्याची व्याख्या दोन वाक्यांत लिहा, आणि कोणता पेपर त्यात येणार नाही तेही एका वाक्यात लिहा. मग तुमच्या साठ्यातून वीस पेपर निवडा. सोपे वाटणारे घेऊ नका, वाचताना अडखळलात ते घ्या. ते तुम्ही आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याने एकमेकांशी न बोलता कोड करा, म्हणजे प्रत्येक पेपर प्रत्येक अक्षावर कुठे बसतो ते नोंदवा. कोहेनचा कप्पा (दोघांचं एकमत योगायोगापेक्षा किती जास्त आहे ते सांगणारा आकडा) काढा, पण त्या आकड्यापाशी थांबू नका. जिथे मतभेद झाला तो प्रत्येक पेपर समोर ठेवून दोघांनी बसा. माझ्या अनुभवात यातले बरेचसे मतभेद वाचणाऱ्याच्या चुकीने होत नाहीत, व्याख्येत दोन गोष्टी मिसळल्यामुळे होतात, आणि कोणत्या दोन, हे तिथेच सापडतं. व्याख्या दुरुस्त करा आणि पुढचे वीस नव्याने घ्या, आधीच्या वीसवर पुन्हा तपासू नका.

‘इतर’ असा एक रकाना सुरुवातीला मोकळा ठेवा. त्यात पाच-सहा पेपर जमले, की त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. मला अंदाज आहे की तिथे माणसाच्या संमतीशिवाय आपोआप निर्णय अमलात आणणाऱ्या प्रणालींवरचे पेपर गोळा होतील. त्यांना डीएसएस म्हणायचं की अभ्यासाच्या बाहेर ठेवायचं, हे तुम्हाला आणि तुमच्या गाइडना ठरवावं लागेल, आणि ते कोडिंग संपायच्या आधी ठरलेलं बरं. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. सूचना डावलण्याचा अभ्यास असल्यामुळे मी त्यांना बाहेर ठेवीन, कारण तिथे डावलायला कोणी समोर बसलेलं नसतं.